देवळालीचा ताप: इंग्रजी स्लँगच्या जन्मकथा

‘पॉश’ या शब्दाची एक गोष्ट आपल्याकडे इंग्रजीच्या वर्गांतून हमखास सांगितली जाते. विलायतेहून मुंबईला निघालेला साहेब जहाजाच्या डाव्या अंगाची खोली मागून घेई आणि परतीच्या प्रवासात उजव्या अंगाची, कारण त्या त्या बाजूला उन्हाचा मारा कमी. जाताना ‘पोर्ट’, येताना ‘स्टारबोर्ड’. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरे पी अँड ओ कंपनीच्या तिकिटांवर उमटवली जात आणि त्यातून ऐटबाज, श्रीमंती थाटाच्या गोष्टींना ‘पॉश’ म्हणण्याचा प्रघात पडला. शिक्क्याची शाई जांभळी होती, असेही काही जण सांगतात. गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात ती शाई पक्की बसते आणि शंकेला जागा उरत नाही.

या गोष्टीत दोष एवढाच की, तिला आधार नाही. असा शिक्का असलेले एकही तिकीट कोणाला सापडलेले नाही आणि कंपनीच्या दप्तरातही तशा प्रथेची नोंद मिळालेली नाही. कथा छापात येते ती १९३० च्या दशकात. शब्द मात्र त्याआधीचा आहे. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या सप्टेंबर १९१८ मधील एका व्यंगचित्रात हवाई दलातील तरुण अधिकारी आपल्या आईशी बोलताना तो वापरतो. त्याही मागे गेलो तर १८९२ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ या ग्रॉस्मिथ बंधूंच्या विनोदी कादंबरीत मरे पॉश नावाचे एक सधन पात्र भेटते. १८९० च्या बारेर आणि लेलंड यांच्या स्लँगकोशात ‘पॉश’चे दोन अर्थ दिले आहेत: एक पैसा, मूळचे अगदी हलके नाणे, आणि दुसरा छैलछबिला. यातील नाण्याचा अर्थ रोमानी भाषेतील ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. रोमानी ही भटक्या जिप्सी समाजाची, मुळात भारतातून गेलेली भाषा. हे सारे धागे सलग विणून दाखवणे अजून कोणाला जमलेले नाही. तथापि ते ज्या दिशेने जातात त्या दिशेला आगबोटीतील गारव्याची खोली नाही. फेरीवाले, घोड्यांचे सौदे करणारे, जिप्सी तांडे आणि अर्ध्या पेनीचा हिशेब करणारी माणसे आहेत.

खोटी जन्मकथा शब्दाचा मालक बदलते. जो शब्द बहुधा रस्त्यावरून वर चढला, तो वरून खाली उतरला असे ती सांगते. लोकव्युत्पत्तीकडे आपण सहसा निरुपद्रवी करमणूक म्हणून पाहतो. विद्यार्थ्यांना शब्द लक्षात राहावा म्हणून शिक्षक ती सांगतात आणि त्यात वावगे काय, असे विचारतात. वावगे हे की, व्युत्पत्ती हे माणसांविषयीचे विधान असते. अमुक शब्द अमुक लोकांनी, अमुक परिस्थितीत घडवला, असे आपण म्हणत असतो. ते विधान खोटे असेल तर ज्यांनी तो शब्द घडवला त्यांची एकमेव खूणही आपण पुसून टाकतो. कारण या लोकांची ग्रंथसंपदा नाही आणि चरित्रेही नाहीत. त्यांच्यामागे उरले ते शब्दच.

आद्याक्षरांच्या कथांविषयी तर विशेष सावध राहावे. आद्याक्षरांचा उच्चार करून शब्द बनवण्याची रीत इंग्रजीत खऱ्या अर्थाने फोफावली ती विसाव्या शतकात, महायुद्धांच्या आणि सरकारी खात्यांच्या काळात. त्यामुळे जुन्या शब्दाची फोड कोणी आद्याक्षरांत करून दाखवली की आधी तारीख विचारावी. याला एक ठळक अपवाद आहे आणि तो नेमका जगातला सर्वाधिक फिरलेला शब्द आहे: ‘ओके’.

‘ओके’चा उगम चोक्टॉ आदिवासींच्या भाषेत आहे, अँड्र्यू जॅक्सन या अध्यक्षाला शुद्धलेखन येत नसल्यामुळे तो जन्मला, असे नाना दावे शतकभर चालू होते. कोलंबिया विद्यापीठातील अॅलन वॉकर रीड यांनी १९६३ आणि १९६४ साली ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेखमाला लिहून हा वाद बहुतांशी मिटवला. त्यांची पद्धत साधी होती: जुनी वृत्तपत्रे वाचत बसणे. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये त्यांना ‘ऑल करेक्ट’ या अर्थाची ही अक्षरे मिळाली. ‘ऑल’चे ए आणि ‘करेक्ट’चे सी सोडून ओ आणि के का? तर त्या काळी बॉस्टनच्या पत्रकारांत मुद्दाम चुकीच्या वर्णलेखनाची आद्याक्षरे छापण्याची थट्टा चालू होती. ‘ऑल राइट’ला ते ‘ओ डब्ल्यू’ लिहीत. रीड यांनी एका शब्दाचे मूळ शोधताना एक अख्खी फॅशन खणून काढली, हे त्यांचे खरे श्रेय. त्या फॅशनमधली बाकीची आद्याक्षरे मेली, ‘ओके’ तगला. १८४० च्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या समर्थकांनी त्यांच्या किंडरहुक या गावावरून त्यांना ‘ओल्ड किंडरहुक’ म्हटले, ओके क्लब काढले आणि ही अक्षरे घरोघर पोहोचली. विनोद विसरला गेला आणि विनोदाचे टरफल जगभर गेले.

रीड यांच्या हाती वृत्तपत्रे होती. त्याआधीच्या शतकांत रस्त्यावरची भाषा कागदावर कशी उतरली? येथे प्रकरण गंभीर होते. कारण ती टिपून घेणारा पहिला महत्त्वाचा माणूस भाषेचा प्रेमी नव्हता, तो न्यायदंडाधिकारी होता.

टॉमस हार्मन हा केंट परगण्यातील जमीनदार. त्याच्या दाराशी येणाऱ्या भिकाऱ्यांची आणि भटक्यांची तो उलटतपासणी घेई आणि त्यांच्याकडून काढून घेतलेली माहिती त्याने भटक्यांपासून सावध राहण्याचा इशारा देणाऱ्या पुस्तकात छापली. त्याची १५६७ सालची प्रत आज उपलब्ध आहे. पुस्तकात भटक्यांचे प्रकार आहेत, त्यांच्या लबाडीच्या कहाण्या आहेत, त्यांच्या चोरबोलीतील शब्दांची यादी आहे, आणि शेवटी प्रत्यक्ष भटक्या माणसांच्या नावांचीही यादी आहे. शब्दांची यादी आणि माणसांची यादी एकाच पुस्तकात, एकाच हेतूने. ही दुसरी यादी वाचताना १५७२ चा कायदा आठवल्याशिवाय राहत नाही: भटकताना सापडलेल्याला फटके मारावेत आणि तापलेल्या लोखंडाने त्याच्या उजव्या कानाची पाळी छेदावी, असे त्या कायद्याने ठरवले.

हार्मनच्या यादीतला पिण्याच्या अर्थाचा एक शब्द आजही रोजच्या इंग्रजीत आहे. दारूला ‘बूझ’ म्हणतात तो हाच, मूळचा डच. कपड्यांना ‘डड्झ’ म्हणतात, तोही त्या यादीत आहे. आपण हे शब्द वापरतो तेव्हा केंटमधल्या त्या दारासमोर उभ्या असलेल्या कोणा अनामिकाचेच उच्चार काहीसे बदलून वापरत असतो. त्या माणसाने ते स्वखुशीने सांगितले होते की पोटाला काही मिळावे म्हणून, की धाकाने, हे हार्मनच्या पानांतून डोकावत राहते. शिवाय त्याने जे सांगितले ते सारे खरेच असेल असेही नाही. चौकशी करणाऱ्याला हवे ते सांगून सुटका करून घेण्याची रीत पोलीसठाण्याइतकीच जुनी आहे. हार्मनची यादी पुढच्या लेखकांनी जवळजवळ जशीच्या तशी उचलली आणि इंग्रजी स्लँगकोशांची परंपरा तिच्यापासून सुरू झाली.

सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या महाकोशाच्या प्रस्तावनेत श्रमिकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या क्षणभंगुर बोलीला भाषेच्या टिकाऊ ऐवजात स्थान नाही, असे सांगून तिला दाराबाहेर ठेवले. (प्रत्यक्षात काही ‘हलके’ शब्द त्याने आत घेतले, पण कपाळावर तसा शिक्का मारून.) त्यानंतर तीस वर्षांनी फ्रान्सिस ग्रोस पुढे आला. हा अवाढव्य देहाचा, खाण्यापिण्याचा शौकीन पुराणवस्तूप्रेमी. स्विस जवाहिऱ्याचा मुलगा. मिलिशियात तो पगारवाटपाचे काम पाही आणि हिशेबाच्या दोनच वह्या ठेवी, त्या म्हणजे त्याचा उजवा खिसा आणि डावा खिसा: एकात जमा, दुसऱ्यात खर्च. परिणाम व्हायचा तोच झाला, तो कर्जबाजारी झाला. रॉबर्ट बर्न्सची ‘टॅम ओ’शँटर’ ही कविता ग्रोसच्या स्कॉटलंडवरील ग्रंथासाठी लिहिली गेली, म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव अगदीच अपरिचित नसावे.

१७८५ साली ग्रोसने प्राकृत जनांच्या इंग्रजीचा कोश काढला आणि शीर्षकात ‘क्लासिकल’ हा शब्द मिस्कीलपणे घातला. रात्री नोकराला बरोबर घेऊन तो लंडनच्या बकाल वस्त्यांतून आणि दारूच्या गुत्त्यांतून शब्द वेचत हिंडे, असे पिअर्स ईगनने १८२३ च्या आवृत्तीत लिहिले आहे. ईगनचे हे लिखाण ग्रोसच्या मृत्यूनंतर तीसहून अधिक वर्षांनी आले आणि तो स्वतः रंगतदार लिहिणारा होता, तेव्हा थोडे मीठ घालूनच ते घ्यावे. शिवाय ग्रोसने आधीच्या कोशांतून भरपूर उचलले आहे. तरीही हार्मन आणि ग्रोस यांच्या वृत्तीत मोठे अंतर आहे. सामान्य माणसांच्या बोलण्याला जी धार आहे ती विचारस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यव्यवस्थेमुळे आहे, जुलमी राजवटीत ती आढळायची नाही, असे ग्रोस प्रस्तावनेत म्हणतो. स्लँग हा गुन्ह्याचा पुरावा न राहता नागरिकाच्या मोकळेपणाचा पुरावा झाला. यात देशाभिमानाची शेखी आहेच, पण कोशकाराच्या आवाजातला संशय गेला, हे महत्त्वाचे.

मरण्याला ‘किक द बकेट’ म्हणतात त्याची छापील नोंद ग्रोसकडेच प्रथम मिळते. त्याने केवळ अर्थ दिला, कथा सांगितली नाही. कथा नंतर आल्या. गळफास घेणारा पायाखालची बादली लाथेने उडवतो, ही सर्वांना ठाऊक असलेली. दुसरी कमी नाट्यमय पण अधिक संभाव्य: काही इंग्रजी बोलींत ‘बकेट’ म्हणजे कापलेले डुक्कर उलटे टांगण्याची आडवी तुळई, आणि प्राण जाताना त्याचे पाय तिच्यावर आपटत. पहिल्या कथेत हताश माणूस आहे, दुसरीत खाटीकखाना. लोकांना पहिलीच आवडते. १९९९ च्या सुमारास ई-मेलवरून फिरलेल्या ‘सोळाव्या शतकातील जीवन’ नामक लेखानेही याच आवडीवर मात केली. गवती छपरावर निजणारी कुत्री-मांजरे पावसात घसरून पडत म्हणून मुसळधार पावसाला ‘कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणतात, ही लोणकढी त्यातलीच. कौलारू घरात वाढलेल्या कोणालाही सांगता येईल की पाऊस लागला की मांजर सर्वांत आधी आत येते.

स्लँगच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण कोश मात्र लंडनमध्ये नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या वसाहतीत लिहिला गेला. या वसाहतीच्या आरंभीच्या न्यायालयांत साक्षीदाराची जबानी आणि आरोपीचा बचाव समजून घेण्यासाठी वारंवार दुभाष्या लागे, असे वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने १७९३ मध्ये नोंदवले आहे. न्यायाधीश इंग्रज, आरोपी इंग्रज, भाषा इंग्रजी आणि मध्ये दुभाष्या! जेम्स हार्डी व्हॉक्स हा खिसेकापू, तोतया आणि सराईत पळपुटा. त्याला तीन वेळा सागरापार धाडले गेले. न्यूकॅसल येथील शिक्षावसाहतीत १८१२ साली त्याने चोरांच्या ‘फ्लॅश’ बोलीचा कोश तयार करून तिथल्या लष्करी अधिकाऱ्याला अर्पण केला. न्यायदानाच्या कामी तो उपयोगी पडेल अशी त्याची विनवणी होती. १८१९ मध्ये त्याच्या आत्मकथनाला जोडून तो प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियात रचलेला हा पहिला कोश मानला जातो.

या कोशात व्हॉक्स ‘स्निच’ या शब्दाचा अर्थ देतो: साथीदारांची चहाडी करणे. स्वतः तो कोश लिहून काय करत होता? आपल्या जातभाईंची भाषा तो अधिकाऱ्याच्या हाती देत होता. सवलतीच्या आशेने केलेली ही चहाडी आणि एका कसबी माणसाने आपल्या भाषेविषयी वाटणाऱ्या अभिमानाने केलेले काम, या दोन्ही गोष्टी त्या नोंदींत एकजीव झाल्या आहेत. अर्थछटा सांगताना तो जितका नेमका आहे तितके त्या काळचे विद्वान कोशकारही क्वचितच असतात. ‘स्वॅग’ म्हणजे गाठोडे, चोरीचा माल. तोच शब्द पुढे ऑस्ट्रेलियात रानोमाळ काम शोधत हिंडणाऱ्या मजुराच्या पाठीवरच्या वळकटीला लागला. ‘फ्रिस्क’ म्हणजे झडती घेणे, विशेषतः दुसऱ्याचा खिसा चाचपणे. आज विमानतळावर आपल्याला जे केले जाते त्याला हाच शब्द आहे. चोराचा शब्द शिपायाने घेतला.

लंडनच्या कॉकनी यमकबोलीविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जिन्यांना म्हणजे ‘स्टेअर्स’ना ‘अॅपल्स अँड पेअर्स’ म्हणणे, मग यमकाचा शब्दच गाळून नुसते ‘अॅपल्स’ म्हणणे, ही तिची युक्ती. १८५९ च्या आपल्या कोशात जॉन कॅम्डन हॉटन तिचा उगम दशक-दीड दशकापूर्वीचा सांगतो आणि तिचे श्रेय रस्त्यावर पोवाडेवजा गाणी आणि चोपडी विकणाऱ्यांना देतो. चोरांची गुप्तभाषा म्हणून तिची ख्याती झाली ती बरीचशी नंतरची. मुळात शब्दांशी खेळणे हा या विक्रेत्यांचा धंदाच होता. तोंडाने अशिष्ट आवाज काढण्याला ‘रास्पबेरी’ म्हणतात ती या बोलीची देणगी: ‘रास्पबेरी टार्ट’मधील दुसरा शब्द ज्याच्याशी जुळतो तो शब्द येथे लिहिण्याचे कारण नाही. १९८१ पासून वाईट चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या गोल्डन रास्पबेरी पारितोषिकात तो सभ्य वेषात वावरतो. भाजीफळे विकणाऱ्या हातगाडीवाल्यांची उलट्या अक्षरांची बोलीही याच काळातली. त्यांच्या ‘यॉब’चा अर्थ ‘बॉय’ उलटा केला की मिळतो. हॉटनकडे तो नुसता मुलगा आहे. पुढे उच्चभ्रूंच्या तोंडी तो उनाड, दांडगट मुलगा झाला. हातगाडीवाल्यांनी आपल्या पोरांना दिलेले नाव त्यांच्याच पोरांवर शिवीसारखे उलटले.

आता लष्कराकडे येऊ, कारण इंग्रजी स्लँगचा आपल्याशी खरा संबंध येतो तो आगबोटीच्या पहिल्या वर्गातून नव्हे, तर गोऱ्या पलटणींच्या बराकींतून. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध आंग्लभारतीय कोशाचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे शीर्षकही सोजिरांच्या तोंडचे. मोहरममधील ‘या हसन! या हुसेन!’ या घोषाचा तो अपभ्रंश. ‘देखो’चे ‘डेको’ झाले, म्हणजे एक नजर. ‘खुशी’चे ‘कुशी’, म्हणजे आरामाचे. ‘विलायती’चे ‘ब्लायटी’ झाले, म्हणजे मायदेश. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत या शब्दांचे अर्थ गडद झाले. ‘ब्लायटी’ म्हणजे अशी जखम की जिच्यामुळे जीव जाणार नाही, पण घरी पाठवतील. सैनिक तिची इच्छा करत. आपल्या विलायती वांग्यातला ‘विलायती’ आणि हात गमावून सुटलेल्या पोराच्या तोंडचा ‘ब्लायटी’ एकाच शब्दाची रूपे आहेत, हे एकदा लक्षात आले की तो शब्द गमतीचा राहत नाही. या पिढीची भाषा पुढे ज्याने कोशबद्ध केली तो एरिक पार्ट्रिज स्वतः गॅलिपोलीत आणि पश्चिम आघाडीवर साधा सैनिक म्हणून लढला होता. त्याचा १९३७ चा कोश व्युत्पत्तीच्या बाबतीत कधी कधी फार धीट अनुमाने करतो, पण ऐकणारा आणि बोलणारा तिथे प्रथमच एका रांगेत उभे आहेत.

याच बराकींतून ‘डूलॅली’ आला. डोके फिरलेल्या, तऱ्हेवाईक वागणाऱ्या माणसाला इंग्रज आजही ‘गॉन डूलॅली’ म्हणतात. हे आपले नाशिकलगतचे देवळाली. १८६० च्या दशकापासून येथे ब्रिटिश फौजेचा तळ होता. विलायतेहून आलेल्या तुकड्या येथून पुढे जात आणि मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे थांबत. मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा जोडीचा होता. फ्रेझर आणि गिबन्स यांच्या १९२५ च्या सैनिकी शब्दसंग्रहात तो आहे. ‘टॅप’ म्हणजे आपला ताप, हिंदुस्तानीतला ज्वर. देवळालीचा ताप चढला, म्हणजे माणूस भ्रमला.

याची प्रचलित कथा अशी की, हिंदुस्थानच्या रणरणत्या उन्हाने गोऱ्यांची डोकी फिरत. मराठी वाचकाला येथे हसू येईल. देवळाली हे आपल्या लेखी हवा खायला जाण्याचे ठिकाण. पारशी मंडळींनी तिथे बंगले आणि आरोग्यधामे बांधली ती काही ऊन खाण्यासाठी नव्हेत. मग वेड कशाचे? याचे उत्तर फ्रँक रिचर्ड्स देतो. हा वेल्समधला खाणकामगार, रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समधला शिपाई, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात होता. त्याच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या १९३६ च्या पुस्तकात तो सांगतो की मुदत संपलेल्या शिपायांना देवळालीत महिनोन्महिने थांबावे लागे, कारण सैन्य नेणारी जहाजे वर्षाच्या ठराविक महिन्यांतच सुटत. वेळ खायला उठे. दारू आणि बाजारातल्या वस्त्यांतून लागणारे आजार होते, आणि वर्षानुवर्षे नेकीने चाकरी केलेली माणसे येथे येऊन बिघडत, तुरुंगात जात. त्या कंटाळ्यातून माणसे चमत्कारिक वागू लागत आणि त्यातून हा वाक्प्रचार निघाला असावा, असे त्याला वाटते. ‘वाटते’ हा शब्द त्याचाच आहे. जांभळ्या शाईच्या गोष्टीत असा शब्द कुठेही येत नाही.

‘पॉश’च्या गोष्टीत आणि ‘डूलॅली’च्या इतिहासात समुद्र एकच आहे, जहाजे त्याच मार्गावरची आहेत. एका गोष्टीत खोली निवडणारा साहेब आहे. दुसरीकडे जहाज केव्हा येईल हे ठरवणे ज्याच्या हाती नव्हते असा शिपाई आहे. नोकरी संपली आहे, घर मिळालेले नाही, आणि नाशिकच्या सुखद हवेत तो दिवस मोजत बसला आहे. पहिली गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. दुसरी महाराष्ट्रातल्याच गावाच्या नावाची असून आपल्या इंग्रजीच्या वर्गांत मी क्वचितच ऐकली आहे.

इंग्लंडमध्ये १९७४ ते १९८१ या काळात ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेने देवळालीचे नाव पुन्हा लोकांसमोर आणले. सुरुवातीचे भाग तिथल्याच लष्करी तळावर घडतात. शीर्षकात अर्थातच उकाडा आहे. तोपर्यंत ‘टॅप’ गळून पडला होता. इंग्रजी कानाला ‘टॅप’ म्हणजे थाप किंवा नळ; त्याचा ज्वराशी संबंध बराकीतल्या हिंदुस्तानीबरोबरच संपला. उरले ते नुसते गावाचे नाव, आणि ते गावाचे नाव आहे हेही बोलणाऱ्याला ठाऊक नसते. मुंबईहून नाशिककडे जाणारी गाडी इगतपुरी सोडून पुढे निघाली की काही वेळाने ते स्थानक येते. फलाटावर तीन भाषांत लिहिलेले असते, आणि त्यातल्या इंग्रजी अक्षरांचा उच्चार सोजिरासारखा करून पाहिला तर तो शब्द अजूनही ऐकू येतो.